काऊनबाई

माझ्या नवऱ्याच्या श्रद्धांजली सभेच्या बॅनरवर त्याच्या नावापेक्षा माझा शब्द मोठा छापला होता. 'काऊन गेला गा, दुधरामभाऊ?' त्यातलं 'काऊन' लाल रंगात, दरवाजाएवढं. बाकीचं बारीक, काळ्यात. खाली दुधरामचा हसरा फोटो, आणि फोटोत त्याच्या डोक्यावर माझ्या साडीचा पदर. मेलेल्या माणसाला बायकोचा पदर घातलेला फोटो छापणारे लोक दुसरीकडे कुठे असतील असं मला वाटत नाही. पण गोरेगावच्या बाजारात येणारा प्रत्येक जण त्या बॅनरसमोर थांबायचा, आधी हात जोडायचा आणि मग हसायचा.

मी चंचल. दुधरामची बायको. गोरेगावातच अंगणवाडी चालवते. दुधराम स्टँडअप करायचा, म्हणजे माईक घेऊन एकटाच उभा राहायचा आणि घरातल्या गोष्टी सांगायचा. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे नाच-नाटकांची जत्रा, तिथून त्याने सुरुवात केली. मग नागपूर, रायपूर, आणि मग मोबाईल. मोबाईलमध्ये शिरल्यावर तो घरोघरी पोचला आणि त्याच्या मागून मी पोचले. मला न विचारता.

त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट अशी होती. "मी म्हनलं, चंचल, मी गोंदियाले जाऊन राहिलो." मग डोक्यावर पदर, मान तिरपी, हनुवटी वर. "काऊन?" "काम हाये." "काऊन?" "पोट हाये म्हनून काम हाये." "काऊन?" "आता पोट काऊन हाये हे का मले मालूम? देवाले विचार!" इथे तो थांबायचा. मैदानही थांबायचं. शेवटचं 'काऊन' तो कधीच म्हणायचा नाही. ते पब्लिक म्हणायची, सगळी एका सुरात, आणि मग शिट्ट्या.

तेव्हापासून मी काऊनबाई. एसटीत तिकीट मागितलं की कंडक्टर विचारणार, "गोंदियाले? काऊन?" की अख्खी गाडी हसली. किराणा दुकानात साखर मागितली की दुकानदाराची मान तिरपी. भावाच्या लग्नात नवरीपेक्षा जास्त फोटो माझ्याबरोबर निघाले. लोक प्रेमानेच करत होते, हे मला कळत होतं. प्रेमाने केलेल्या गोष्टीला माणूस नाही म्हणू शकत नाही, हीच त्यातली अडचण आहे.

म्हणून त्या सभेकडून मला एकच गोष्ट हवी होती. जायचं, बसायचं, आणि तोंड न उघडता घरी परत यायचं. सोमवारी अंगणवाडीत जाऊन पुन्हा नुसती बाई व्हायचं.

आमच्या झाडीपट्टीत 'का' विचारायला दोन शब्द आहेत, काऊन आणि कायले. बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखेच वाटतील. मला कधी सारखे वाटले नाहीत. काऊन विचारताना त्यात थोडा जीव अडकलेला असतो; पोरं काऊन विचारतात, आईच्या अंगावर रेलून. कायले जरा कोरडा. कशासाठी, कशाला पाहिजे, असा. काऊन माझ्याकडून गेला तेव्हा मी कायलेवर निभावलं. "कायले पळून राहिली व?" "कायले मारलं त्याले?" अंगणवाडीत कित्येक वर्षं असंच चाललं. माझी मदतनीस रुख्मा एकदा म्हणाली, "बाई, तुमी रागानं बोलता वाटते." मी म्हटलं, रागाने नाही.

फक्त एकदा तो जुना शब्द तोंडातून निसटला. दुधरामच्या छातीत सकाळी कळ आली आणि दुपारी सगळं संपलं. गोंदियाच्या दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले, मान हलवली, आणि मी विचारलं, "काऊन?" त्यांच्या मागे उभ्या असलेल्या नर्सच्या तोंडातून फसकन हसू फुटलं. पोरगी विशीतली. तिने लगेच दोन्ही हातांनी तोंड दाबलं, मग भिंतीला टेकली आणि माझ्यापेक्षा जास्त रडली. "माफ करा मॅडम, मी भाऊची लय मोठी फॅन हाये. ते आपोआप झालं." मीच तिच्या पाठीवरून हात फिरवला. नवरा माझा मेला होता आणि समजूत मी काढत होते. डॉक्टरांनी माझ्या प्रश्नाला काय उत्तर दिलं ते मला आजही आठवत नाही.

तेरवी झाली तरी माणसं येतच राहिली. मोटरसायकलींवर, एसटीने, टेम्पो करून. धान कापणीला आला होता, तरी काम सोडून यायची. अंगणात बसायची, डोळे पुसायची. मग कोणीतरी एक किस्सा सांगायचा, मग दुसरा, आणि थोड्या वेळाने सगळं अंगण हसत असायचं. माझी सासू सुलोचनाबाई त्यांच्यात बसायची. तिला बरं वाटायचं. मी आत चहा टाकायची आणि कपबश्या विसळत राहायची, म्हणजे बाहेर जावं लागू नये.

एक दिवस बोदलकशाहून बुधराम आला. वयस्कर माणूस, तिथल्या तलावावर मासे धरणारा. पळसाच्या पानांत बांधलेला मासा त्याने पायरीवर ठेवला. दुःखाच्या घरी मासा आणावा की नाही याचा त्याने फार विचार केला नसावा. जे होतं ते आणलं. चहा मीच बाहेर नेऊन दिला. तो प्यायला आणि कप हातातच धरून मला म्हणाला,

"माही चमेली सालभर खाटेवर होती, बाई. दुखे तं लय दुखे. औषधानं काई नाई होये. मंग मी मोबाईल लावून देवो. तुमचं काऊन आलं का हासे. रोज तेच पाहे, रोज हासे. गेली त्या दिवशी मी तिले म्हनलं, चमेली, मी पानी आनाले जाऊन राहिलो. तं थे म्हनते, काऊन? आन् हासली. मी पानी घेऊन आलो तं गेली होती."

सासूने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"एक डाव म्हना ना, बाई," तो म्हणाला. "भाऊ तं गेले. पन थे तुमचंच होतं ना? एक डाव म्हना. मले तिचं ऐकल्यासारखं होईल."

त्याने हात जोडले नव्हते. जोडले असते तर बरं झालं असतं. मला निदान चिडता आलं असतं. तो नुसता कपाकडे बघत होता. "मले नाई जमत, भाऊ," मी म्हणाले. "असू द्या, असू द्या," तो म्हणाला, कप उलटा घालून पायरीवर ठेवला आणि निघाला. फाटकापर्यंत जाताना त्याने दोनदा मागे वळून बघितलं.

"काऊन नाई म्हनलं व?" सासू माझ्यावर खेकसली. "तोंड झिजत होतं का तुह्यं?" तिला तो शब्द माफ होता. तिच्या तोंडी त्यावर कोणी हसत नव्हतं. "माहा पोरगा लोकाइच्या तोंडात जित्ता हाये. तू तोंड बांधून बसशीन तं थो पुरा मरन."

मला का जमलं नाही हे जगात तीनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक गेला, दुसरी समोर उभी राहून खेकसत होती, आणि तिसरी मी.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी आम्हाला मुलगी झाली. एक रात्र जगली. सकाळी मला सांगितलं आणि मी विचारलं, काऊन? डॉक्टर बाईंनी काहीतरी सांगितलं, मला कळलं नाही, मी पुन्हा विचारलं. मग आयाला विचारलं. घरी आणणाऱ्या ऑटोवाल्याला विचारलं. सासूला विचारलं. घरी आल्यावर दुधरामला विचारत राहिले. तो ताट वाढून आणायचा, जेव म्हणायचा. काऊन? अंघोळ करून घे. काऊन? मी बाजारातून येतो. काऊन? माझ्याजवळ दुसरा शब्दच नव्हता. दुधराम एकेका वेळी उत्तर द्यायला तोंड उघडायचा आणि तसाच बाहेर निघून जायचा.

त्याच दिवसांत एका मंडईत त्याचा कार्यक्रम होता. लहानसाच, दोन नाचांच्या मध्ये थोडा वेळ भरायचा. गेला, माईकसमोर उभा राहिला, आणि त्याला काही सुचेना. मग जे घरात रोज ऐकत होता तेच तोंडातून निघालं. तो स्वतःच माझ्यासारखं विचारायला लागला आणि लोक हसायला लागले. खुर्च्यांवरून पडले म्हणे. घरी आला तो हुंदके देत. "चंचल, मी तुहा सवाल त्याइले सांगला व. थे हासले. मले लय दिवसानं श्वास आला." मुलगी त्याचीही होती.

पुढे मी बंद कर म्हटलं. त्याने करूनही पाहिलं. देवरीकडच्या एका गावात सगळा कार्यक्रम केला, ती गोष्ट तेवढी गाळली. लोक उठेचनात. खुर्च्या वाजवत ओरडत राहिले, काऊन, काऊन. शेवटी त्याने पदर घेतला तेव्हा कुठे लोक घरी गेले. "आता थे माह्यं नाई राह्यलं," तो मला म्हणाला. "त्याइचं झालं." त्यानंतर मी तो विषय काढला नाही आणि त्यानेही काढला नाही. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

आता हे बुधरामला सांगायचं? चमेली ज्यावर हसत गेली ते माझ्या मेलेल्या लेकराचं होतं, असं? मासा घेऊन आलेल्या माणसाला?

योगराज गोंदियाचा. दुधरामचे सगळे कार्यक्रम तोच ठरवायचा, साउंडही त्याचाच. मनाने चांगला. तिरडीला खांदा दिला तेव्हा त्याला इतकं रडू येत होतं की दुसऱ्यांनी त्यालाच धरलं. सभेची कल्पना त्याची, आणि बाजाराच्या दिवशी ठेवायची शक्कलही त्याचीच, म्हणजे गर्दी आपोआप. सभेच्या आधी तो घरी आला.

"भाभी, मंडईचा सीझन आला," तो म्हणाला. "भैय्या गये, पर पब्लिक तो है ना? तुम्ही फक्त यायचं. पदर घ्यायचा, एकदा म्हणायचं, बस. बाकी व्हिडिओवर भैय्याच राहतील."

"मी नाई येत."

"सोचो ना, भाभी. सगळे मंडळवाले विचारून राहिले."

"नाई म्हनलं ना, योगराज."

"ठीक है, ठीक है. कोई जबरदस्ती नहीं," तो हात वर करून म्हणाला. "पण सभेला तर याल? एक शब्द बोलायचं काम नाही. माझी जबान आहे."

मी रुख्माला बरोबर घेतलं. तिला सगळं सांगितलं नव्हतं. मला बोलायचं नाही एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "मी बाजूले बसतो, बाई. कोनी माईक आनला तं मी ओढून घेईन." मला धीर आला. अंगणवाडीत वजनकाट्यावरून पळणारी पोरं ती एका हाताने धरते.

संध्याकाळी बाजाराच्या मैदानात गेलो तर पाय ठेवायला जागा नव्हती. भाजीवाल्यांनी दुकानं आवरली नव्हती, पण विकणंही सोडलं होतं. वांग्यांच्या ढिगामागे उभं राहून लोक ऐकत होते. मला थेट स्टेजवर नेलं, फोटोच्या बाजूच्या खुर्चीत. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला रुख्मा. समोर पहिल्याच रांगेत बुधराम बसला होता. मला बघून त्याने मान हलवली. त्याला राग आलेला नव्हता. त्यानेच मला जास्त लागलं.

भाषणं झाली. एका मास्तरांनी दुधरामला शाळेत किती मारलं ते सांगितलं आणि रडले. अर्जुनीहून आलेल्या एका पोराने सांगितलं की त्याचा बाप आणि तो वर्षभर बोलत नव्हते. दुधरामचा व्हिडिओ बघताना दोघंही एकदम हसले आणि मग जेवायला एकत्र बसले. एक बाई नुसती माईकसमोर उभी राहिली आणि फोटोला हात लावून उतरली. खोटं काही नव्हतं. मला ते सगळं खरं वाटत होतं आणि त्यामुळे खुर्चीतून हलता येत नव्हतं.

मग दोन मिनिटं मौन. सगळं मैदान उभं राहिलं. टपरीवाल्याने स्टोव्ह बंद केला. एवढ्या माणसांची इतकी शांतता मी गोरेगावात कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत कोणाचा तरी फोन वाजला. रिंगटोनमध्ये दुधरामचाच आवाज: "काऊन? काऊन? काऊन?" ज्याचा होता तो खिसे चाचपत होता, फोन सापडत नव्हता. लोकांनी ओठ दाबले, माना खाली घातल्या, खांदे हलायला लागले. मग एक जण फुटला आणि सगळं मैदान फुटलं. मास्तर फुटले. सासू तोंडावर पदर घेऊन हसत होती आणि रडतही होती. खरं सांगते, मलाही हसू आलं. इतक्या दिवसांनी त्याचा आवाज ऐकला होता. एका क्षणाला वाटलं, होऊन जाऊ दे, असंच हसून संपू दे हे. आता दिवा लावतील, प्रसाद वाटतील आणि मी घरी जाईन.

योगराजने माईक घेतला.

"भाऊ गेले नाहीत," तो म्हणाला. त्याचे डोळे ओले होते, आवाज चढलेला होता. "आत्ताच ऐकलं ना तुम्ही? और एक खुशखबर देता हूँ. यंदाच्या मंडईत दुधरामभाऊंचा कार्यक्रम होणार. जरूर होणार! भाऊंच्या जागेवर कोण येणार? आपली काऊनबाई!"

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. माणसं खुर्च्यांवर चढली. "काऊन! काऊन!" मागून सुरू झालं आणि लाटेसारखं पुढे आलं. योगराज माईक घेऊन माझ्यासमोर आला. मी रुख्माचा हात शोधला. रुख्माचे दोन्ही हात वर होते. ती टाळ्या वाजवत होती, डोळ्यांत पाणी, माझ्याकडे बघून मोठ्ठं हसत. सासू माझ्या पाठीत बोट टोचत होती. खाली बुधराम उभा राहिला होता. या वेळी त्याने हात जोडले होते.

मी योगराजकडे बघितलं. मला बोलायचं नव्हतं. मला फक्त त्याला विचारायचं होतं की जबान देऊन तू हे सांगितलंस ते कशासाठी. त्याला एकट्याला. हळूच. पण माईक तोंडाजवळ होता.

"कायले?" मी म्हणाले.

मैदान गप्प झालं. अगदी गप्प. मला वाटलं, सुटले. काऊन नाही मिळालं, आता हिरमुसतील आणि जातील.

मग वांग्यांच्या ढिगामागून कोणीतरी ओरडलं, "अरे बाप्पा! बाईनं नवीन आनलं!"

आणि मग जो हशा झाला तसा दुधरामला आयुष्यात मिळाला नव्हता. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. "कायले! कायले!" मी म्हटलं, "हासू नका. मी खरंच विचारून राहिली." आणखी मोठा हशा. "चूप बसा ना!" टाळ्या. "मले घरी जाऊ द्या!" शिट्ट्या. योगराज गुडघ्यावर हात ठेवून वाकला होता, श्वास घेता येत नव्हता त्याला. मी जे बोलेन ते पकडून ते हसत होते. मला कळेना, तोंड बंद करावं तर कसं, आणि उघडं ठेवावं तर काय बोलावं.

एकच गोष्ट होती जी त्यांना गप्प करू शकली असती. मी श्वास घेतला. मुलीचं सांगून टाकू, इथेच, याच माईकवर. काऊन कुठून आला ते कळू दे एकदाचं सगळ्यांना. मी खाली बघितलं तर बुधराम हसत होता. खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसत, मान हलवत, अगदी घरच्या माणसावर हसावं तसा हसत होता. बहुतेक चमेली गेल्यापासून पहिल्यांदाच.

मी त्याच्यासाठी गप्प बसले असं म्हणता येईल. ते अर्धंच खरं आहे. दुसरी भीती जास्त मोठी होती. मी सांगितलं, आणि तरी ते हसले तर?

मी माईक हाताने बाजूला सारला आणि खुर्चीत बसले. तेही लोकांना आवडलं.

मंडईला मी गेले नाही. योगराज पाया पडला, सासूने दोन दिवस अन्न सोडलं, तरी गेले नाही. तेवढा एक हट्ट मी पुरा केला आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. माझी गरजच उरली नव्हती. सभेतला व्हिडिओ माझ्या आधी घरी पोचला होता. योगराजने मंडईत पांढरा पडदा लावला. आधी दुधराम पदर घेऊन काऊन म्हणतो आणि त्याच्या मागून मी, बिनपदराची, कायले म्हणते. दोघं नवरा-बायको शेजारी शेजारी. नवीन बॅनर झाले: 'आधी काऊन, आता कायले!' लोक म्हणतात, भाऊ जाताना बाईला विद्या देऊन गेले. कंडक्टर आता विचारतो, "गोंदियाले? कायले?" गाडी तेवढीच हसते.

झाडीपट्टीतली बाई, आणि हे सगळं पुस्तकासारख्या मराठीत कसं लिहिते, असं कोणाला वाटलं असेल. मी बारावीपर्यंत शिकले आहे, प्रशिक्षणात अहवाल लिहायची सवय आहे. पण खरं कारण ते नाही. या भाषेत माझ्यावर अजून कोणी हसलेलं नाही.

सभेनंतरच्या सोमवारी मी अंगणवाडीत गेले. पोरांना ओळीने बसवलं, बडबडगीतं झाली. रुख्मा कोपऱ्यात खिचडी ढवळत होती. सभेबद्दल तिला वाईट वाटलेलं नाही. तिला वाटतं मी शेवटच्या क्षणी हिंमत केली. रिंकू नावाची लहानगी दारापाशी बसून रडत होती. नुकतीच यायला लागली आहे, अजून रुळलेली नाही. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, तिचं नाक पुसलं आणि विचारायला तोंड उघडलं.

रुख्माच्या हातातला झारा थांबला. ती माझ्याकडे बघत होती. ओठ दाबलेले, गाल फुगलेले, कोणता शब्द येतो याची वाट बघत. वाईट हेतू नव्हता तिचा, अजिबात नव्हता.

"का रडतेस, बाळा?" मी विचारलं.

रिंकूचं रडणं थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं, तपासणीला येणाऱ्या मोठ्या मॅडमकडे पोरं बघतात तसं, आणि बसल्या बसल्या मागे सरकली. मी पुन्हा विचारलं. ती उठली आणि माझ्या बाजूने वळसा घालून रुख्माकडे गेली.

"काऊन रडून राहिली व माय?" रुख्माने तिला मांडीवर ओढत विचारलं.

रिंकूने तिच्या गळ्यात हात टाकले आणि तिच्या कानात सांगितलं. बराच वेळ सांगत होती. मला दारापाशी काही ऐकू आलं नाही.